मासळी घटली की मासेमारी?

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, हा आकडा जाहीर केला आणि 'पंचेचाळीस वर्षांतला नीचांक' म्हणून तो घरोघर पोचला. आदल्या वर्षी २.९५ लाख टन मासळी आली होती. वर्षभरात तिसरा हिस्सा गेला म्हटल्यावर कोणाला तरी धरायलाच हवं. पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीनवाल्यांकडे, म्हणजे थव्याला वेढणारं मोठं जाळं वापरणाऱ्यांकडे, बोट दाखवलं, पर्ससीनवाल्यांनी परराज्यांतून येणाऱ्या ट्रॉलरकडे, आणि सगळ्यांनी मिळून सरकारकडे.

त्या वर्षी अरबी समुद्रात काय झालं होतं ते मात्र या भांडणात मागे पडलं. जूनमध्ये वायू, सप्टेंबरात हिक्का, ऑक्टोबरात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. ऐन हंगामातही वादळावर वादळ. बोटी बंदरात नांगर टाकून होत्या, खलाशी बसून होते. समुद्रावर जायचे दिवसच कमी झाले तर मासळी कमी उतरणार, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. त्या वर्षी समुद्रात मासे खरोखर किती कमी झाले होते, किंवा झाले होते का, हे त्या एका आकड्यावरून कळणं शक्यच नव्हतं.

त्यातही एक मजा आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची आकडेवारी उघडली, तर साधारण त्याच काळातलं सागरी उत्पादन चार लाख टनांच्या पुढे दिसतं. केंद्राची संस्था कॅलेंडर वर्ष धरते, राज्य आर्थिक वर्ष धरतं. मोजण्याची पद्धतही वेगळी. पण एवढ्याने दुप्पट फरक पडत नाही. एकाच किनाऱ्याची, एकाच मासळीची दोन सरकारी माणसं दोन उत्तरं देतात, आणि आपण त्यातलं आपल्याला सोयीचं उचलतो.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे मासळीच्या धोरणावरचं प्रत्येक भांडण हे मुळात न केलेल्या मोजणीचं भांडण आहे. किनाऱ्यावर उतरलेल्या टनांवरून आपण समुद्राची तब्येत ठरवतो. तो आकडा मासेमारीबद्दल बरंच सांगतो, माशांबद्दल फार थोडं, तेही आडवळणाने. समुद्रातले जीव वर्षानुवर्षं कसे बदलताहेत हे कळायला वेगळं मोजावं लागतं, सलग मोजावं लागतं, आणि मोजलेलं सगळ्यांसमोर ठेवावं लागतं. ते सरकारने आपलं नेहमीचं काम म्हणून करायला हवं, एखाद्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून नव्हे.

याचा अर्थ आज मोजणी होत नाही असा नाही, आणि जे लोक ती करतात त्यांना कमी लेखायचंही कारण नाही. सीएमएफआरआयची पद्धत जुनी आणि विचारपूर्वक बसवलेली आहे. संस्था १९४७ची. महाराष्ट्रात मासळी उतरवण्याची ठिकाणं दीडशेच्या आसपास आहेत, प्रत्येक ठिकाणी रोज माणूस उभा करणं अशक्य. म्हणून महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात आणि त्यातले मोजणीचे दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्या मर्जीने नव्हे, ठरवतात. ठरलेल्या दिवशी मोजणी करणारा माणूस दुपारी बारा ते सहा बंदरावर थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री काय उतरलं ते विचारून घेतो. पंधरा किंवा त्याहून कमी बोटी लागल्या तर सगळ्यांची नोंद. जास्त असतील तर त्यांतल्या काही निवडून. मग त्यावरून महिन्याचा, राज्याचा, देशाचा अंदाज.

मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पहाटे गेलेल्या माणसाला हे काम किती अवघड आहे ते कळेल. बोट लागते तेव्हा लिलाव आधीच सुरू झालेला असतो. पाट्या डोक्यावरून चालल्यात, बर्फ फुटतोय, दोन बायका दराच्या वादात, आणि त्यात हा माणूस वही घेऊन विचारतोय की किती दिवसांनी आलात, किती वेळा जाळं टाकलंत. मग नमुन्यासाठी पाच-पन्नास बोंबील मागून घ्यायचे आणि मोजपट्टीच्या फळीवर एकेक ठेवायचा. बोंबील तसा मोजायला चांगला मासा नाही. अंगात पाणीच पाणी, काटा लुसलुशीत, फळीवर सरळ धरला तरी मधेच वाकतो, आणि जबडा नेहमी उघडा. तोंडापासून शेपटीपर्यंत मिलिमीटरमध्ये लिहायचं, पुढचा उचलायचा. तोवर मालकाचा हिशोब उरकलेला असतो आणि तो म्हणतो, आटपा आता.

लांबी कशाला मोजायची, असं कोणी विचारेल. कारण माशाचं वय थेट विचारता येत नाही. थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं उमटतात, ती मोजली की वय मिळतं. घोळ किंवा ढोम्याचं डोकं ज्यांनी चवीने खाल्लंय त्यांना तो पांढरा खडा दाताखाली आलेला आठवेल. पण आपल्याकडचं पाणी बाराही महिने उबदार, वाढ थंडीत थांबत नाही, वलयं धूसर. म्हणून हजारो माशांच्या लांब्या घेऊन, लहान किती, मध्यम किती, मोठे किती, यावरून वाढीचा आणि मरणाचा वेग काढावा लागतो. मोठे मासे यादीतून नाहीसे होऊ लागले तर एकूण टन तेवढेच राहिले तरी काहीतरी बिनसलंय हे कळतं. एका टनाच्या आकड्यात हे दडून जातं. एक टन भरायला पाव किलोचे चार हजार पापलेट लागतात आणि पन्नास ग्रॅमचे वीस हजार. वजनकाट्याला दोन्ही सारखेच.

आता दुसरा आकडा पाहा. याच संस्थेने २०२२ सालासाठी देशभरातल्या वेगवेगळ्या भागांतल्या १३५ मत्स्यसाठ्यांचा (एका भागातले एका जातीचे मासे मिळून एक साठा) अभ्यास केला आणि त्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत आहेत असं सांगितलं. हे वाक्य हर्णैच्या किंवा अर्नाळ्याच्या धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवा, लोक हसतील. डिझेलही सुटत नाही म्हणणाऱ्या तांडेलाला, बोटीच्या कप्तानाला, समुद्र सुस्थितीत आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण यात कोणीच खोटं बोलत नसेल, हे शक्य आहे. साठा सुस्थितीत असणं म्हणजे त्यातून दरवर्षी जेवढी मासळी काढली जाते तेवढी निसर्ग भरून काढतोय. ती मासळी किती बोटींत वाटली जाते, याचा त्या हिशोबात प्रश्नच येत नाही. बोटी वाढल्या, इंजिनं वाढली, जाळ्यांची लांबी वाढली, तर एकूण मासळी तेवढीच राहूनही प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. आणि दुसरं असं की सुस्थिती कशाशी तुलना करून ठरवायची? गेल्या दहा-वीस वर्षांच्या नोंदी धरून आजचा साठा बरा दिसू शकतो. यांत्रिक बोटी येण्यापूर्वीचा समुद्र कोणी मोजलेलाच नाही.

डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. प्रत्येक पिढीचे शास्त्रज्ञ आपल्या उमेदीच्या काळात जे पाहतात तेच मूळ समजतात, तिथून घट मोजतात. पुढची पिढी त्या घटलेल्या समुद्रालाच मूळ धरते. पुढे मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या मच्छीमारांना विचारलं गेलं. पूर्वी भरपूर होत्या आणि आता संपत आल्या अशा जातींची नावं म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितली. तरुण खोटं बोलत नव्हते, त्यांनी ते मासे पाहिलेलेच नव्हते. आपल्याकडे दाढा, मोठी घोळ, वाम यांच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत ती माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडून ते उतरवून घेण्याचं काम कोणाचं आहे, हे मला कधीच नीट कळलेलं नाही. विद्यापीठांना वाटतं ते खात्याचं, खात्याला वाटतं ते लोकसाहित्यवाल्यांचं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. देशभर बातमी झाली, दूरचित्रवाणीवर लॉटरी म्हणून दाखवली. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात सोन्याचा भाव आहे, म्हणून एवढी किंमत. पण मुळात दीडशे घोळ एका फेरीत मिळणं ही बातमी का व्हावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचं उत्तर द्यायला पन्नास वर्षांची नोंद लागते, आणि ती नव्हती.

न मोजण्यापेक्षा चुकीचं मोजणं महाग पडतं, याचा सगळ्यात मोठा धडा कॅनडातला आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड मासा पाच शतकं युरोपाला खाऊ घालत होता. १९६०च्या दशकात परदेशी ट्रॉलर आले. १९६८मध्ये एका वर्षात आठ लाख टन कॉड निघाला. १९७७ साली कॅनडाने दोनशे मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं आणि ठरवलं की आता आपण शास्त्राने मासेमारी करू. शास्त्रज्ञ होते, गणित होतं, संगणक होते. फक्त गणितात घातलेल्या आकड्यांपैकी एक मोठा हिस्सा व्यापारी ट्रॉलरच्या नोंदींचा होता. तासाभरात किती कॉड मिळाला, यावरून समुद्रात किती कॉड आहे असा अंदाज. वर्षानुवर्षं ट्रॉलरना तासाला भरपूर कॉड मिळत राहिला आणि साठा वाढतोय असं कागदावर दिसत राहिलं.

घडत वेगळंच होतं. कॉड कमी झाला की पसरून राहत नाही, उरलेला एके ठिकाणी दाटीने जमतो. आणि ट्रॉलरकडे तो जमाव शोधायची यंत्रं होती. समुद्र रिकामा होत असताना शेवटच्या भरगच्च थव्यावर जाळं पडत होतं, म्हणून तासाचा आकडा उतरत नव्हता.

किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी, एका जागी मांडलेल्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्या लोकांना मात्र हे आधीच दिसलं होतं. त्यांची जाळी मासा शोधत फिरत नाहीत; मासा आला तर मिळतो. तो येईनासा झाला, आला तर बारका येऊ लागला. ते सरकारला सांगत राहिले. ऐकलं जात नाही म्हटल्यावर १९८६मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतःच्या खर्चाने जीवशास्त्रज्ञ लावून अहवाल करून घेतला की सरकारी अंदाज फुगवलेले आहेत. तोही बाजूला पडला. मग २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. तीस हजारांहून जास्त माणसं एका दिवसात बेकार झाली. साठा पूर्वीच्या एक टक्क्यापर्यंत उतरला होता. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली होती. ती उठली २०२४मध्ये.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण, आपल्या वादातली पात्रं यात हुबेहूब आहेत. डोल हे एका जागी ताणलेलं जाळं आहे; भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते त्यात शिरतं. उधाणाच्या मोठ्या भरतीला मासळी, भांगाच्या लहान भरतीला फारशी नाही. मालवणची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, तीही किनाऱ्याला येईल ते घेते. ही जाळी म्हणजे समुद्राच्या दाराशी बसलेली माणसं आहेत. उलट पर्ससीन थवा शोधून त्याला वेढते. बांगडा, तारली हे थव्याने राहणारे मासे. शेवटचे दहा थवे उरले असतील तरी पर्ससीनच्या एका ओढीत भरघोस मासळी येईल आणि मालक खऱ्या मनाने सांगेल, मासळी आहे हो, कुठे कमी झालीय? म्हणून कोणाचा आकडा कशातून आला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. डोलवाल्याची तक्रार ही केवळ गाऱ्हाणं म्हणून न घेता नोंद म्हणून घ्यायला हवी.

पण इथे पारंपरिक मच्छीमारांच्या नेत्यांनाही एक कडू गोष्ट सांगायला हवी. तारली कमी झाली की दर वेळी पर्ससीनने खाल्ली असं नसतं. केरळात २०१२मध्ये तारली चार लाख टनांच्या आसपास गेली होती. २०२१मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाख टनाच्या वर. जाळ्यांच्या संख्येत एका वर्षात एवढा फरक पडत नाही. पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड, सकस पाणी वर येणं, त्यावर वाढणारी सूक्ष्म वनस्पती, एल निनो, या सगळ्यावर तारलीचं लेकुरवाळेपण अवलंबून असतं, आणि ते शंभर वर्षांपासून असंच वरखाली होत आलंय. अशा माशाची दहा वर्षांची नोंद घेऊन काहीही सिद्ध करता येतं. सुरुवात कुठून करायची तेवढं निवडायचं.

मग पर्ससीनवर निर्बंध चुकीचे होते का? पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनचे परवाने आणि हंगाम मर्यादित केला. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, आणि तारलीचा आलेख उद्या वर गेला तरी तो योग्यच राहील. कारण तो प्रश्न मासे किती आहेत एवढाच नाही, मासे कोणी धरायचे हाही आहे. रापणीला शंभर घरांचा वाटा असतो. किनाऱ्याजवळ आलेला थवा एका मालकाच्या बोटीत जावा की शंभर घरांत, हा निवाडा जीवशास्त्राने करायचा नाही, समाजाने करायचा. आपण मात्र न्यायाचा प्रश्न माशांच्या संख्येमागे लपवतो आणि मग संख्येवर तंटा घालत बसतो. मोजणी चांगली झाली तर एवढं तरी होईल, की जो वाद आकड्यांचा नाही तो उघडा पडेल.

आकडा वर जातानाही फसवतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. आज कोकणात कितीतरी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी मोजली जातात आणि संख्या वाढताना दिसते. आनंद आहे. पण किनारेही वाढलेत, पहाटे चालणारी माणसंही वाढलीत. पूर्वी न सापडणारं घरटं आता सापडतं. शिवाय मोजली जातात ती किनाऱ्यावर आलेली माद्यांची घरटी. नर आयुष्यात किनाऱ्यावर येत नाही, पिल्लं मोठी व्हायला कैक वर्षं लागतात. म्हणून किती किलोमीटर किनारा किती रात्री चालला, हे घरट्यांच्या आकड्याशेजारी छापलं पाहिजे. नाहीतर आपल्या उत्साहाचा आलेख कासवांच्या नावावर खपतो.

मासळीच्या बाबतीत हाच शेजारचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सरकारच्या कपाटात आधीच पडून आहे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेसाठी बंदरांवर टोकनची पद्धत आली: बोट कधी गेली, कधी आली, बरोबर किती खलाशी. सोसायट्यांमार्फत डिझेलच्या कराचा परतावा मिळतो, म्हणजे कोणत्या बोटीने किती डिझेल जाळलं याचीही कागदपत्रं आहेत. बोट किती दिवस समुद्रात होती आणि तिने किती तेल जाळलं, या दोन गोष्टी कळल्या की २०१९सारख्या वर्षाचं कोडं तासाभरात सुटतं. एक किलो मासळीमागे किती लिटर डिझेल, एवढा एकच आकडा दर महिन्याला बंदरावर लावला तर मच्छीमारांना तो कुठल्याही अहवालापेक्षा जास्त पटेल. पण टोकन सुरक्षेवाल्यांचं, परतावा वित्तवाल्यांचा, मासळी संशोधकांची. तिघांच्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत.

बाजारातल्या वहीतून केवढं काय निघू शकतं, याचं एक सुंदर उदाहरण इटलीतलं आहे. उंबेर्तो द'अंकोना नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या मासळीबाजारांच्या जुन्या नोंदी चाळत होता. फियूमेच्या बाजारात १९१४ साली मुशी, पाकट वगैरे शिकारी माशांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना ते वाढत गेलं, १९१८मध्ये ३६ टक्क्यांवर पोचलं, आणि १९२३पर्यंत पुन्हा ११ टक्क्यांवर आलं. युद्धात मासेमारी थांबली तर शिकारी मासेच का वाढावेत? त्याने हा प्रश्न आपल्या सासऱ्यांना घातला. सासरे होते गणितज्ञ व्हितो व्होल्तेर्रा. शिकारी आणि सावज यांच्या चढउताराची समीकरणं त्यातून १९२६ साली निघाली, जी आजही प्राणीसंख्येच्या अभ्यासात पहिल्या धड्यात शिकवतात. हे सगळं कुठून आलं, तर लिलावाच्या कारकुनांनी रोजच्या रोज लिहिलेल्या रटाळ नोंदींतून.

आपल्याकडे सातपाटीच्या सहकारी संस्था पापलेटाची वजनाप्रमाणे प्रतवारी करून विक्री करतात. इतर ठिकाणच्या सोसायट्यांच्याही दप्तरांत वर्षानुवर्षांचे हिशोब आहेत. मोठा सरंगा, म्हणजे पापलेट, किती आला, बारका किती, कोणत्या तिथीला, काय भावाने. २०२३मध्ये आपण पापलेटला राज्यमासा केलं, टाळ्या वाजल्या. त्याच वर्षी ५४ जातींसाठी धरता येईल अशी किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. अशी लांबी ठरते ती कोणीतरी बंदरावर उभं राहून हजारो मासे फळीवर ठेवले म्हणून. नियम पाळला गेला का आणि त्याचा उपयोग झाला का, हेही पुन्हा मोजूनच कळणार. सोसायट्यांच्या जुन्या वह्या स्कॅन करून त्यातली प्रतवारी आलेखावर मांडायला एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि थोडा निधी पुरे. दप्तरं वाळवीच्या आधी हाती लागली तर.

इथे मच्छीमारांचा आक्षेप येतो, आणि तो मला अर्धा तरी मान्य आहे. आम्ही खरं सांगितलं की बंदी येते, असं ते म्हणतात. मोठे मासे कुठे मिळतात ते सांगा, उद्या तिथे राखीव क्षेत्र. बारीक मासळी किती आली ते सांगा, उद्या दंड. मग सांगायचं कशाला? ज्याच्या माहितीचा उपयोग नेहमी त्याच्याच विरुद्ध होतो तो माहिती लपवणार, त्यात नवल नाही. आणि जिथे खोटं सांगण्यात फायदा असतो तिथे काय होतं हे अरबी समुद्रानेच पाहिलंय. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यालगत दोनशेहून जास्त हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. जगाला दिलेल्या कागदांत त्यांचा पत्ता नव्हता. एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे सोव्हिएत ताफ्यांनी असे हिशोबाबाहेर मारले, हे १९९३नंतर रशियन शास्त्रज्ञांनीच उघड केलं. तोवर जगभरचे तज्ज्ञ खोट्या आकड्यांवर खरी गणितं मांडत होते. आपल्या समुद्रातला हा देवमासा इतर हंपबॅकसारखा ध्रुवाकडे जात नाही, इथेच राहतो, आणि ओमानजवळच्या अभ्यासात त्याची संख्या ८२च्या घरात निघाली. बहुतेक ठिकाणचे हंपबॅक सावरले, हा का सावरला नाही, याचं मोठं उत्तर त्या दडवलेल्या वर्षांत होतं.

उलट विश्वासाचं उदाहरणही जवळच आहे. राज्याने २०१८च्या डिसेंबरात एक योजना आणली. जाळ्यात कासव, बहिरी मुशी (व्हेल शार्क) किंवा असा संरक्षित प्राणी अडकला, तर जाळं कापून त्याला सोडा, फोटो किंवा चित्रफीत द्या, जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्या. मच्छीमारांनी फोटो पाठवायला सुरुवात केली. कोणता प्राणी, कुठे, कोणत्या महिन्यात, याची अशी नोंद हाती आली जी कोणत्याही संशोधन जहाजाने एवढ्या पैशात आणली नसती. आधी भीती होती ती शिक्षेची. ती काढली, नुकसान भरून दिलं, माहिती आपोआप आली. यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मासळीच्या नोंदी देणाऱ्या बोटीवर त्या नोंदीच्या आधारे कारवाई होणार नाही, एवढं लेखी द्या. आणि गोळा केलेली माहिती आधी त्याच बंदराला, मराठीत, त्याच हंगामात परत करा. आज ती इंग्रजी अहवालात उशिरा येते, आणि ज्याने मासा मोजू दिला त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक आक्षेप असा, की मोजत काय बसायचं, आधी आहे तो कायदा पाळा. एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर बंदी आहे, दिवे लागतातच. बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी चालूच आहेत. हे खरं आहे, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत कारवाई थांबवा असं म्हणणाऱ्या कोणावरही मी विश्वास ठेवणार नाही. अनिश्चिततेचं निमित्त करून काही न करणं, कॅनडात हेच झालं. पण कायदा आणि मोजणी यांत पाळी लावायची गरज नाही. दिवे बंद केल्याने फरक पडला हे दाखवता आलं नाही, तर पुढचा मंत्री ते पुन्हा सुरू करू देईल, आणि त्याला अडवायला आपल्या हातात काही नसेल.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवश्यक राहिलं ते समुद्रावरचं स्वतंत्र सर्वेक्षण. मासे मिळवण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी टाकलेलं जाळं. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणाकडे जहाजं आहेत, पण त्यांच्या माथी सगळ्या देशाचा समुद्र आहे, आणि डोल-रापण चालते त्या उथळ पाण्यात मोठं जहाज काय करणार? त्यासाठी स्थानिक बोटी भाड्याने घ्याव्यात, तांडेल तिथलाच असावा, बरोबर एक संशोधक. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ठरावीक जागा, वर्षातून ठरावीक वेळा, तेच जाळं, तेवढाच वेळ. जाळं बदलायचं नाही, जागा बदलायची नाही, तिथे मासा मिळत नाही म्हणून सरकायचं तर मुळीच नाही. मासा न मिळणं हीच तर नोंद आहे.

अशा कामाला धीर लागतो. ओडिशात २०२१मध्ये बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली आणि पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, या समजुतीला तडा गेला. चार वर्षं तो बिल्ला कोणाच्याही कामाचा नव्हता. प्रकल्पाचा कालावधी तीन वर्षांचा असता तर अंतिम अहवालात लिहिलं गेलं असतं की निष्पन्न काही नाही. किनाऱ्याच्या सर्वेक्षणाचंही तसंच होईल. पहिली पाच-सात वर्षं त्यातून बातमी होण्याजोगं काहीही निघणार नाही, ज्याने ते सुरू केलं त्या मंत्र्याचं खातं बदललेलं असेल, आणि कात्री लावायला अर्थखात्याला नेमकं हेच कलम सापडेल. म्हणून त्याची तरतूद वर्षावर्षाच्या मर्जीवर न ठेवता, मच्छीमारांच्या प्रतिनिधींसह एका स्वतंत्र मंडळाच्या हाती, किमान वीस वर्षांसाठी, कायद्यानेच बांधून द्यायला हवी.